पार्ट लोडचं भाडं नेमकं कशावर ठरतं? वजन, जागा, जोखीम आणि बिल्टीवरचा एक शब्द

समजा, बेळगावच्या उद्यमबागेतून हैदराबादला एक लाकडी पेटी जायची आहे. आत लोखंडी कास्टिंग, वजन ९० किलो. त्याच गोडावूनच्या दारात, त्याच गावाला जायला, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं एक खोकंही येऊन पडलंय. त्याचं वजन १४ किलो. ट्रान्सपोर्टवाल्याचा दर दोघांना सारखाच, किलोला ८ रुपये धरू. कास्टिंगवाल्याची पावती ७२० रुपयांची होते. खेळणीवाल्याचा हिशोब ११२ रुपयांचा, पण त्याच्या हातात ४२४ रुपयांची बिल्टी पडते. वजनाच्या रकान्यात दोन आकडे असतात: प्रत्यक्ष वजन १४, आकारणी वजन ५३. वाद इथून सुरू होतो. काउंटरवरचा कारकून ‘व्हॉल्युमेट्रिक लागलं’ एवढंच सांगून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो.

यात फसवणूक झालेली नसते, पण कुणी समजावूनही सांगितलेलं नसतं. सीमाभागातला लहान कारखानदार, यंत्रमागवाला, काजूवाला, घरून पार्सल पाठवणारी बचत गटाची बाई, या सगळ्यांचा माल पार्ट लोडनेच जातो. पूर्ण ट्रक भरेल एवढा माल यांच्याकडे क्वचितच निघतो. त्यामुळे हे भाडं कसं ठरतं, आणि मालाचं नुकसान झालं तर काय हातात येतं, हे दोन्ही माहीत असणं गरजेचं आहे. या दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत.

ट्रक एक, मालक पन्नास

पूर्ण ट्रक भाड्याने घेतला की हिशोब सोपा असतो. गाडी इथून तिथे जाणार, एवढे पैसे. आत काय भरता ते तुमचं तुम्ही बघा. पार्ट लोडमध्ये एकाच गाडीत पन्नास जणांचा माल असतो आणि गाडीचा खर्च या पन्नास जणांत वाटायचा असतो. वर्गवारीचा सगळा खटाटोप या वाटणीसाठी आहे.

हा धंदा आपल्याकडे नवा नाही. जकातीसकट एकठोक भाडं ठरवून लोकांचा माल गावोगाव पोहोचवणाऱ्याला मराठीत हुंडेकरी म्हणत. काही बाजारपेठांत हा शब्द अजून पाट्यांवर दिसतो. वाटेतल्या जकातनाक्यांची कटकट हुंडेकऱ्याने सोसायची आणि मालकाने एकच रक्कम मोजायची, असा तो करार. आजचा पार्ट लोडवाला त्याच्याच वंशातला. जकातीची जागा ई-वे बिलाने घेतली एवढंच.

फरक आहे तो प्रवासाच्या रीतीत. बेळगावचं खोकं थेट हैदराबादला जात नाही. टेम्पोतून बुकिंग गोडावूनला उतरतं, तिथून लाइनच्या गाडीत चढतं, मधल्या मोठ्या गोडावूनला उतरतं, दुसऱ्या गाडीत चढतं, हैदराबादच्या गोडावूनला उतरतं आणि शेवटी डिलिव्हरीच्या टेम्पोत चढतं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचेपर्यंत किमान सहा वेळा हमालाचा हात लागतो. भाड्याचे आणि नुकसानीचे बहुतेक प्रश्न या सहा उचलींत दडलेले असतात.

वजनकाटा आणि फूटपट्टी

ट्रक दोन तऱ्हांनी भरतो. एकतर वजनाने भरतो, नाहीतर जागेने. कास्टिंग भरायला घेतलं तर फळी झाकण्याआधीच गाडीची वजनाची मर्यादा संपते आणि वर नुसती हवा राहते. खेळणी, गाद्या, थर्माकोल, प्लॅस्टिकच्या बादल्या भरल्या तर छत लागतं, पण गाडी जेमतेम दोन-तीन टनांनी भरलेली असते. डिझेल, टोल, चालकाचा पगार दोन्ही वेळेला जवळजवळ तेवढाच.

मोठ्या बंद कंटेनर गाडीचं उदाहरण घेऊ. ३२ फूट लांब, ८ फूट रुंद, ८ फूट उंच अशी गाडी धरली तर आत २,०४८ घनफूट जागा झाली. अशा मल्टी-ॲक्सल गाडीत साधारण १५ टन माल चालतो. १५,००० किलोला २,०४८ ने भागलं की एका घनफुटाच्या वाट्याला सव्वासात किलोच्या आसपास वजन येतं. माल एवढा घट्ट असेल तर जागा आणि वजन दोन्ही एकदम भरतात. त्याहून हलका माल आला की तो दुसऱ्याच्या वजनाची जागा खातो, आणि त्या जागेचे पैसे त्याच्याकडून घेतले जातात.

म्हणूनच ट्रान्सपोर्टवाले दर घनफुटाला ठरावीक किलो धरतात. कुणी ६, कुणी ७, ८, तर कुणी थेट १०. १० हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला लूट वाटते. पण गोडावूनमधला माल विटांसारखा एकाला एक लागून बसत नाही; गोल पिंप, उंच पेटी, तिरका पाइप यांच्यामध्ये फटी राहतात. गाडीचा पाव भाग असा वाया जातो असं मानलं, तर सव्वासाताचे जवळजवळ १० होतात. तरीही ६ आणि १० यांतला फरक लहान नाही, आणि तो बोलणी करून कमी होऊ शकतो. किलोच्या दरासाठी तासभर घासाघीस करणारे अनेक जण हा आकडा विचारतच नाहीत.

आता ते खेळण्यांचं खोकं मोजू. लांबी ६०, रुंदी ५०, उंची ५० सेंटीमीटर. गुणाकार १,५०,००० घन सेंटीमीटर. एका घनफुटात २८,३१७ घन सेंटीमीटर असतात, म्हणजे खोकं झालं ५.३ घनफुटांचं. घनफुटाला १० किलो धरले की आकारणी वजन ५३ किलो, आणि ६ धरले तर ३२ किलो. आठच्या दराने एकाकडे ४२४ रुपये, दुसऱ्याकडे २५६. दर तोच, खोकंही तेच. कास्टिंगच्या पेटीचं माप ४० बाय ४० बाय ३०, म्हणजे १.७ घनफूट. १० ने गुणलं तरी १७ किलोच होतात. प्रत्यक्ष वजन ९० असल्यामुळे तिथे फूटपट्टीला काही काम नाही. दोन्हींतलं जास्त असेल ते वजन धरायचं, हा नियम सगळीकडे सारखा.

यात एक बारीक गोम आहे. बरेच ट्रान्सपोर्टवाले २८,३१७ ऐवजी २७,००० ने भागतात. म्हणजे फूट ३०.४८ सेंटीमीटरचा न धरता ३० चा धरला. हिशोबाला सोयीचं खरं, पण त्याने माप जवळजवळ ५ टक्क्यांनी फुगतं. आपलं ५३ किलोचं खोकं लगेच साडेपंचावन्नचं होतं. काही कंपन्यांच्या कागदावर घनफूट नसतोच. ‘४५०० ने भागा’, ‘४००० ने भागा’ असं लिहिलेलं असतं. हाही तोच हिशोब दुसऱ्या वेषात. ४५०० म्हणजे घनफुटाला सव्वासहा किलोच्या आसपास, ४००० म्हणजे ७, आणि २७०० दिसलं तर समजायचं की साडेदहा लागले. भाजक जितका लहान, तितकं भाडं मोठं. कुरिअरवाले विमानाच्या पार्सलला बहुधा ५००० चा भाजक लावतात. तो आकडा डोक्यात ठेवून ट्रान्सपोर्टला जाणारा माणूस हमखास गोंधळतो.

माप खोक्याच्या सर्वांत फुगलेल्या जागी घेतात आणि अपूर्णांक वर ओढतात. सुतळी आवळल्याने पोट सुटलेलं खोकं दोन-तीन सेंटीमीटरनी महाग पडतं. तीच खेळणी नीट रचून ५० बाय ४५ बाय ४५ च्या खोक्यात बसवली, तर आकारणी वजन ५३ वरून ३६ किलोवर येतं. खोक्यामागे १३६ रुपये वाचले. महिन्याला शंभर खोकी पाठवणाऱ्याने दर कमी करा म्हणून फोन करत बसण्यापेक्षा खोकी बनवणाऱ्याला एक फोन करावा.

रचता येतो का, सांभाळता येतो का

वजन आणि माप हे काटा सांगतो. पुढचं माणसाच्या नजरेवर चालतं.

कास्टिंगवर खेळणी ठेवता येतात, खेळण्यांवर कास्टिंग नाही. वीस फुटी पाइप वजनाला नगण्य असला तरी गाडीत आडवा पसरला की त्याच्याभोवती काही रचता येत नाही. सांगलीची हळद, कोकण-गोव्याची सुकी मासळी, चहा आणि साबण एका गाडीत शेजारी ठेवले तर वास कुणाचा कुणाला लागेल याचा नेम नाही. अशा मालाला जास्त दर लागतो, किंवा ‘पुढच्या गाडीत टाकू’ असं सांगून दोन दिवस थांबवलं जातं. हे थांबवणंही एक प्रकारची वर्गवारीच आहे, फक्त ती बिल्टीवर येत नाही.

पन्नास किलोच्या आतलं खोकं एकदोन हमाल उचलतात. तीनशे किलोच्या मशीनला फोर्कलिफ्ट किंवा साखळीचा घोडा लागतो, आणि तो प्रत्येक गोडावूनमध्ये असेलच असं नाही. म्हणून जड नगाला वेगळी हमाली लावतात. पेटीखाली दोन लाकडी ठोकळे मारून फोर्क घुसेल एवढी फट ठेवली, तर पेटी ढकलत न नेता उचलून नेली जाते. ठोकळ्यांचा खर्च तो किती!

आडगावचा मुद्दा वेगळा. खानापूर तालुक्याच्या आतल्या भागात किंवा चंदगडच्या वाडीवर डिलिव्हरी असेल, तर अनेक कंपन्या ‘ओडीए’ म्हणून जादा रक्कम लावतात. म्हणजे त्यांच्या रोजच्या डिलिव्हरीच्या हद्दीबाहेरचं गाव. ही रक्कम कधीकधी मूळ भाड्याहून मोठी भरते. अशा वेळी जवळच्या मोठ्या गावातल्या गोडावूनवर डिलिव्हरी घेऊन माल स्वतः नेणं परवडतं.

अमेरिकेतली १८ वर्गांची वही

आपल्याकडे हे सगळं काउंटरवर, सवयीने आणि ओळखीने ठरतं. अमेरिकेत त्याची छापील वही आहे. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातून कास्टिंग आणि यंत्रभाग परदेशी पाठवणाऱ्यांना अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाकडून ‘फ्रेट क्लास काय?’ असा प्रश्न येऊ शकतो. त्यामुळे ती पद्धत थोडक्यात पाहायला हवी.

तिचं मूळ रेल्वेत आहे. अमेरिकेत १८८७ च्या आंतरराज्य व्यापार कायद्यानंतर रेल्वे कंपन्यांनी प्रदेशवार मालाच्या याद्या केल्या. १९३५ च्या मोटर कॅरिअर कायद्याने ट्रक वाहतूक सरकारी नियमनाखाली आली, तेव्हा ट्रकवाल्यांनीही आपली यादी बनवली. आज ती यादी तिथल्या ट्रक कंपन्यांची संघटना चालवते. तिच्यात एकूण १८ वर्ग आहेत, सर्वांत खालचा ५० आणि सर्वांत वरचा ५००. मधले काही ७७.५ किंवा ९२.५ असे चमत्कारिक आहेत. वर्ग जितका वरचा, तितकं वजनामागे भाडं जास्त. वर्ग ठरतो चार गोष्टींवर: घनता, रचण्याची सोय, हाताळणी आणि जोखीम. म्हणजे उद्यमबागेतल्या गोडावूनचा कारकून मनातल्या मनात जे करतो, तेच.

पूर्वी त्या यादीत हजारो वस्तूंची नावं आणि प्रत्येकीचा वेगळा वर्ग होता. वस्तूचं नाव चुकलं की वर्ग चुकला, आणि मग दंड, फेरबिल, भांडण. १९ जुलै २०२५ पासून त्यात मोठा बदल झाला. बऱ्याच वस्तू नावावरून काढून सरळ घनतेच्या १३ पायऱ्यांच्या पट्टीवर बसवल्या गेल्या. घनफुटाला १ पौंडापेक्षा हलका माल वर्ग ४०० मध्ये, ५० पौंड किंवा त्याहून घट्ट माल वर्ग ५० मध्ये. आपल्या दोन पेट्या नुसत्या या पट्टीवर ठेवल्या, तर कास्टिंगची पेटी घनफुटाला ११७ पौंड भरते, म्हणजे वर्ग ५०. खेळण्यांचं खोकं ५.८ पौंड भरतं आणि वर्ग १७५ मध्ये जातं. तिथल्या गोडावूनमध्ये मोजणी यंत्रं बसवलेली असतात. कागदावरचा वर्ग आणि यंत्राचं माप जुळलं नाही तर बिल परत काढलं जातं. म्हणून निर्यातदाराने पेटीचं बाहेरचं माप आणि पॅलेटसकट वजन नीट लिहून पाठवावं. आतल्या मालाचं निव्वळ वजन तिथे कामाचं नाही.

भारतीय रेल्वेलाही मालाचे वर्ग आहेत. वर्ग १०० हा पाया, आणि वर्गाचा आकडा जितका मोठा तितकं त्या टक्क्याने भाडं जास्त. पण ती कोळसा, खनिज, धान्य, सिमेंट अशा वाघिणींनी जाणाऱ्या मालाची गोष्ट झाली. रेल्वे पार्सलचे दर कुठल्या गाडीने पाठवता यावर बदलतात. राजधानी, प्रीमियर, स्टँडर्ड अशा तिथल्या श्रेण्या आहेत. रस्त्यावरच्या पार्ट लोडला मात्र देशभर लागू होणारी अशी वही नाही. त्यामुळे तुमच्या मालाचा वर्ग तुमच्याशी झालेल्या बोलण्यात ठरतो, आणि बोलणं कागदावर आलं नसेल तर पुढे कुणालाच आठवत नाही.

एचएसएन म्हणजे भाड्याचा वर्ग नव्हे

इथे एक घोळ हमखास होतो. इनव्हॉइसवर एचएसएन कोड असतो, ई-वे बिलातही तो भरावा लागतो, म्हणून भाडं त्यावर ठरतं असा अनेकांचा समज आहे. तो कोड कराचा आहे. लोखंडी कास्टिंगचा कोड कोणताही असो, ट्रान्सपोर्टवाल्याला त्याचं माप आणि वजनच बघायचं असतं.

पण कराची वर्गवारी दुसऱ्या वाटेने भाड्यात येते. ट्रान्सपोर्ट एजन्सीने नेलेल्या शेतमाल, दूध, मीठ, धान्य, डाळी, तांदूळ, पीठ अशा मालाच्या भाड्यावर जीएसटी माफ आहे. आता शेतमाल म्हणजे काय? शेतकऱ्याने विक्रीयोग्य करण्यासाठी जेवढी प्रक्रिया करतात तेवढीच केलेला, मूळ गुण न बदललेला माल, अशी त्याची व्याख्या. १५ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात केंद्राने स्पष्ट केलं की गूळ, प्रक्रिया केलेले मसाले आणि प्रक्रिया केलेला काजू या व्याख्येत बसत नाहीत. ते परिपत्रक गोदामातल्या साठवणुकीच्या संदर्भात निघालं होतं, पण व्याख्या तीच आहे. कोल्हापूरच्या गुऱ्हाळवाल्याला किंवा चंदगडच्या काजू कारखानदाराला आपला माल शेतातलाच वाटतो. कराच्या भाषेत गुळाची ढेप आणि सोललेला काजूगर शेताबाहेर पडलेले आहेत. बिल्टीवर ‘शेतमाल’ लिहून देण्याचा आग्रह धरण्याआधी हिशोबनिसाला विचारलेलं बरं.

सीमेवरच्या कारखानदाराने ई-वे बिलाची एक तरतूद विशेष लक्षात ठेवावी. साधारणपणे ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल लागतं. पण एका राज्यातल्या मालकाने दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्कवाल्याकडे माल पाठवला, तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतंच. बेळगावचं कास्टिंग मशीनिंगसाठी शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला पाठवणं हे रोजचं काम. मधे कोगनोळी ओलांडली की राज्य बदलतं. ‘वीस हजारांचा तर माल’ म्हणून नुसत्या चलनावर गाडी सोडली तर नाक्यावर अडकते, आणि पार्ट लोडमध्ये एका खोक्यापायी बाकीच्यांचा मालही उभा राहतो. म्हणूनच ट्रान्सपोर्टवाले या बाबतीत ऐकून घेत नाहीत.

ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. माल मधल्या गोडावूनला चार दिवस पडून राहिला तर मुदत संपू शकते. मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. गाडी बदलली की नवा गाडी क्रमांक त्यात भरावा लागतो. हे काम ट्रान्सपोर्टवाल्याचं, पण लक्ष मालकाने ठेवावं.

जोखीम: भाड्याच्या दसपट

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, ज्याकडे बुकिंगच्या वेळी सर्वांत कमी लक्ष जातं.

रस्त्यावरच्या मालवाहतुकीला आज २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा लागू आहे. १ मार्च २०११ पासून तो अमलात आला आणि १८६५ चा इंग्रजांच्या काळातला कॅरिअर्स कायदा रद्द झाला. नव्या कायद्यानुसार माल पाठवणाऱ्याने मालाचा तपशील आणि किंमत लिहून फॉरवर्डिंग नोट द्यायची, आणि ट्रान्सपोर्टवाल्याने त्यावरून माल मिळाल्याची पावती द्यायची. तिलाच आपण बिल्टी किंवा एलआर म्हणतो. नोटमध्ये लिहिलेल्या तपशिलाची जबाबदारी पाठवणाऱ्याची.

याच कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत भरपाईची मर्यादा आहे: भाड्याच्या दसपट, आणि तीही फॉरवर्डिंग नोटमध्ये जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. उदाहरण घ्या. ८० हजारांचा यंत्रभाग पाठवला, भाडं ६०० रुपये. माल हरवला किंवा फुटला, तर मर्यादा ६,००० रुपयांची. उरलेले ७४ हजार गेले. भाडं घासाघीस करून ४०० वर आणलं असेल तर मर्यादा ४ हजारांवर येते. म्हणजे घासाघिशीत वाचवलेले २०० रुपये नुकसानीच्या दिवशी २ हजारांना पडतात.

यातून सुटायची सोय कायद्यातच आहे. ट्रान्सपोर्टवाल्याने ठरवलेला जादा जोखमीचा दर द्यायचं पाठवणाऱ्याने स्पष्टपणे मान्य केलं, तर ही मर्यादा लागत नाही. व्यवहारात यालाच ‘कॅरिअर्स रिस्क’ म्हणतात. नेहमीच्या बिल्टीवर मात्र ‘ओनर्स रिस्क’ असा शिक्का आधीच छापलेला असतो. अमेरिकेतला चौथा घटक, जोखीम, आपल्याकडे या शिक्क्यात आहे. काचसामान, इलेक्ट्रॉनिक वस्तू, वडगाव-शहापूरच्या मागावरच्या भारी साड्या अशा मालाला रिस्कचा दर विचारून घ्यावा, किंवा विमा कंपनीकडून स्वतंत्र वाहतूक विमा काढावा. बिलावर ‘एफओव्ही’ नावाची रक्कम दिसली म्हणजे विमा झाला, असं समजू नये. त्या रकमेतून काय मिळतं ते त्या कंपनीच्या अटींत वाचावं लागतं.

‘ओनर्स रिस्क’ म्हणजे ट्रान्सपोर्टवाला सगळ्यातून मोकळा, असंही नाही. त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी त्या शिक्क्याने टळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली जुन्या कायद्याखालच्या एका खटल्यात सांगितलं आहे. नव्या कायद्यातही दावा करणाऱ्याने निष्काळजीपणा सिद्ध करत बसण्याची गरज नाही. पण हे कोर्टाच्या पायरीवरचं बोलणं झालं. सहा हजारांच्या मालासाठी कोण चढणार ती पायरी?

किंमत कमी दाखवण्याची सवय इथे उलटते. ई-वे बिल टाळायला ८० हजारांचा माल ४५ हजारांचा दाखवला, आणि पुढे जादा जोखमीचा दर भरूनही माल हरवला, तर ४५ हजारांच्या वर मागायचं कुठल्या तोंडाने?

‘हार्डवेअर’ लिहिलं आणि आत थिनर निघालं

बिल्टीवर ‘मिक्स गुड्स’, ‘हार्डवेअर’, ‘प्रायव्हेट मार्क’ असे शब्द सर्रास लिहिले जातात. कधी आळस, कधी शेजारच्या दुकानदाराला माल कळू नये म्हणून. पण धोक्याच्या मालाबाबत हा प्रकार जीवावर येतो. रंग, थिनर, ॲसिड, फटाके, आम्लभरलेल्या बॅटऱ्या यांना आंतरराष्ट्रीय वर्गवारीत क्रमांक आहेत. रंगाचा क्रमांक १२६३, आम्लाच्या ओल्या बॅटरीचा २७९४. मोटार वाहन नियमांप्रमाणे अशा मालावर खूण लागते, आणि पाठवणाऱ्याने त्याची माहिती वाहतूकदाराला द्यावी लागते. पन्नास जणांचा माल असलेल्या बंद गाडीत थिनरचा डबा गळला, तर जळतं ते बाकीच्या एकोणपन्नास जणांचं. चुकीच्या तपशिलामुळे झालेलं नुकसान भरून देण्याची वेळ मग पाठवणाऱ्यावर येते.

बुकिंगच्या काउंटरवर

बिल्टी घडी करून खिशात टाकण्याआधी दोन मिनिटं वाचावी. नगांची संख्या आणि दोन्ही वजनं बघावीत; आकारणी वजन जास्त असेल तर माप कुठलं धरलं आणि घनफुटाला किती किलो लावले ते तिथेच विचारावं. किंमत इनव्हॉइसप्रमाणे आहे का, मालाचं नाव खरं लिहिलंय का, रिस्क कुणाची, भाडं ‘पेड’ की ‘टू पे’, डिलिव्हरी दारात की गोडावूनला, हे तपासावं. हमाली, डॉकेट चार्ज, डिझेलचा अधिभार यांचे आकडे खाली बारीक अक्षरात असतात. शंभर रुपयांच्या भाड्यावर दीडशेचे असे आकडे चढलेले पाहून माणूस चक्रावतो, कारण किमान आकारणी नावाची गोष्टही असते: पाच किलोचं पार्सल असलं तरी कंपनीने ठरवलेल्या किमान वजनाचे पैसे लागतात. पाच-पाच किलोची चार पार्सलं एकाच पत्त्यावर जाणार असतील, तर ती एकत्र बांधून एक नग केलेला परवडतो.

खोक्याचा फोटो काढावा, टेप मोजपट्टीसकट. महाग मालाचे चारही बाजूंचे काढावेत.

माल घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं की खोकं चेपलेलं, ओलं किंवा उघडलेलं दिसलं तर सही करण्याआधी डिलिव्हरीच्या प्रतीवर तसा शेरा मारायचा आणि त्याचाही फोटो काढायचा. टेम्पोवाला घाई करणारच. ‘नंतर ऑफिसला बोला’ असं तो म्हणेल, पण कोऱ्या सहीनंतर ऑफिस ऐकत नाही.

आणि तक्रार लेखी द्यावी. फोनवर, व्हॉट्सॲपवर ‘बघतो साहेब, शोधतोय’ असं ऐकण्यात महिने जातात. कायद्याप्रमाणे दावा लावण्याआधी ट्रान्सपोर्टवाल्याला नुकसानीची लेखी नोटीस मिळालेली असावी लागते, आणि ती १८० दिवसांच्या आत. हे १८० दिवस माल हरवल्याचं कळल्यापासून मोजत नाहीत, बिल्टीवरच्या बुकिंगच्या तारखेपासून मोजतात.